अनुक्रमांक चारशे बारा

आमच्या बांधकाम उपविभागात रस्त्याकडेची झाडं पास करायचा अधिकार मधमाशीला आहे. ती ज्यावर पिवळा ठिपका ठेवते ते कायम, बाकीचं उपटायचं. इतका साधा नियम, पण घोळ घालणारा कुणीतरी निघतोच.

गेल्या भाद्रपदात घोळ घातला आमच्या पाथ्रीकर साहेबांनी. तपासणीच्या आदल्या दिवशी घाटरस्त्याची सोनकी, तेरडा, कुर्डू सगळं कापून त्यांनी चारशे अकरा शोभेचे पाम लावले आणि बुंध्यांना गेरू-चुन्याचे पट्टे मारले. मैलमजूर सदोबा डोईफोडे रडायचाच काय तो बाकी राहिला. एकोणीस वर्षं रोजंदारीवर राबलेला माणूस. झाडं पास झाली तर कायम करू, असा त्याला शब्द होता, आणि पुढच्या महिन्यात तो साठीचा होणार होता.

दहाला ऊन पडलं आणि मधमाशीबाई आल्या. मी रजिस्टर उघडलं.

"फुलं कुठायत?"

"बाई, हिरवंगार दिसतंय की!" साहेब म्हणाले.

"मी बसू कुठं? पट्ट्यावर?"

चारशे अकरा पाम बाद झाले. सदोबा मटकन खाली बसला. कापलेली सोनकी काल त्यानंच डोक्यावरून वाहिली होती, मुंडासं परागांनी पिवळं झालं होतं. बाई तिथं उतरल्या, पंधरा मिनिटं हिंडल्या आणि ठिपका ठेवला.

"हे ठेवा."

"अहो, तो माणूस आहे!" साहेब ओरडले.

"देशी आहे ना?"

"आहे. इथल्याच वाडीचा," मी म्हणालो.

"मग लिहा."

मी लिहिलं. अनुक्रमांक चारशे बारा, डोईफोडे, देशी, जिवंत.

"भाऊसाहेब, कायम म्हणजे कायमच ना?" सदोबानं विचारलं.

"आता तुला तोडता येत नाही, हलवताही येत नाही."

गडी ढसाढसा रडला. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू?

तेव्हापासून सदोबा मैलाच्या दगडापाशी उभा असतो. घरून डबा येतो. मुंडाशातलं बी झडून यंदा त्याच्या भोवती दहा हात सोनकी फुललीय. उद्या तपासणी आहे, म्हणून आज गेरू-चुना घेऊन गेलो, तर त्यानं आपणच पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला.

"भाऊसाहेब, पट्टा सरळ मारा बरं का," तो म्हणाला. "उद्या बाई यायच्यात."