‘लागे छे’ला बंदी

बोरसे सरांनी गोडादऱ्यातल्या आमच्या सोसायटीची सूचनासुद्धा लाल पेनाने तपासली आहे. ‘गाडी गेटसमोर लावू नये असे वाटते’ यातलं ‘असे वाटते’ त्यांनी खोडलं आणि वर सेक्रेटरींनाच दम भरला.

हा माणूस नुसता शेजारी असता तर मी सोसला असता. तो विद्यापीठात मला शिकवतोही. विषय काय, तर समोरच्याला पटेल असं लिहिणं. इथे गुजरातेत वर्ग गुजरातीतूनच चालतो, आणि निबंधात ‘मने लागे छे’, म्हणजे ‘मला वाटतं’, दिसलं की सरांचं डोकं फिरतं. “तने शुं लागे छे ए कोणे पूछ्युं?” तुला काय वाटतं ते कोणी विचारलं! पाठोपाठ ठरलेला मारा: “कोना माटे? शा माटे?” कोणासाठी लिहिलं, कशासाठी लिहिलं. हे ऐकून ऐकून माझं टाळकं सटकतं.

परवा त्यांनी विषय दिला: मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नाही म्हणणाऱ्या म्हातारीला तयार करा. ही म्हातारी म्हणजे सरांचीच आई, हे वर्गात फक्त मला ठाऊक होतं. घरात ही दोघंच. डॉक्टरांनी बजावलं होतं की आणखी लांबवलं तर दिसतंय तेही जाईल. आजी ढिम्म. सरांनी तिला रागावून, समजावून, आपल्या मामांना फोन लावून पाहिलं होतं.

एकीने विदेशी लेन्सचे फायदे लिहिले. “माझ्या म्हातारीला चष्म्याचं दुकान टाकायचंय का?” सर मराठीतच ओरडले, आणि ‘माझ्या’ तोंडून निघाल्यावर एकदम फळ्याकडे वळले. मी लिहिलं होतं, ‘मने लागे छे के घरमां कोईने बीक लागे छे.’ मला वाटतं, घरात कोणीतरी घाबरलंय. त्यांनी अख्खी ओळ खोडली. समासात लिहिलं: पुरावा काय?

संताप संताप झाला. जो माणूस स्वतःच्या आईला पटवू शकत नाही, तो आम्हाला काय शिकवणार, हे त्यांना तोंडावर सुनावायचं ठरवून मी संध्याकाळी त्यांच्या दारात गेले.

आजी लसूण सोलत होती. सर तिच्यासमोर जमिनीवर बसले होते. मी आल्याचं त्यांना कळलं नाही.

“माय,” ते घरच्या अहिराणीत म्हणाले, “माले भ्याव वाटस. तुले दिसनं नही ते मनाकडे कोन देखी?”

आजीने लसूण खाली ठेवला. हात पुढे करून चाचपत तिने त्यांचा चेहरा शोधला.

“मंग आसं सांगानं ना,” ती म्हणाली. “कव्हय जानं शे?” ऑपरेशनला कधी जायचंय, एवढंच तिने विचारलं.

मी मागे सरकले तशी चप्पल वाजली. सर झटकन वळले. डोळे लाल, नाक लाल, आणि तरीही माझ्यावर खेकसले, “कोना माटे? शा माटे?”

“लसूण सोलू लागायला आले,” असं म्हणून मी आजीजवळ बसले.