शेवग्याची रांग आणि पुकारावाले अण्णा

दगडूअण्णांनी मला फसवलं. प्लॉट विकताना पश्चिमेचं ऊन मोकळं ठेवीन असा शब्द दिला आणि माझं पहिल्या उन्हाळ्याचं वाळवण उरकतंय न उरकतंय तोच त्या बाजूच्या कुंपणालगत शेवग्याची रांग लावली. आमचा दावा तालुक्याच्या कोर्टात चालू आहे. किती वर्षं, ते मी मोजत नाही. मोजलं की डोकं फिरतं.

अण्णा त्याच कोर्टात पुकारा करायचे. म्हणजे प्रकरण निघालं की दारात उभं राहून पक्षकारांची नावं तीनदा ओरडायची. नोकरीतून निवृत्त झाले, पण ओरडणं निवृत्त झालं नाही. दूधवाल्यालासुद्धा बापाच्या नावासकट तीनदा पुकारतात आणि तिसऱ्या हाकेला ओ आली नाही तर "गैरहाजर!" म्हणून दार लावून घेतात. बिचारा दूध घेऊन परत जातो. त्यांच्याकडे एक बोका आहे. संध्याकाळी अख्ख्या गल्लीला ऐकू येतं, "मन्या वल्द अज्ञात, हाजिर होऽऽ!" बोका मात्र पहिल्याच हाकेला येतो.

मला ते नावाने हाक मारत नाहीत. "काय वादी, जेवन झालं का?"

माझा धंदा कुरडया-पापडांचा. सायकलवर डबे बांधून तलवाडा, चकलांबा असे बाजार करत मी इथवर आलो. कुणी हात धरून आणलं नाही. प्लॉट घेताना अण्णांशी सकाळपासून घासाघीस चालली होती. मी दोनदा उठून गेलो, दोनदा परत आलो. शेवटी अण्णा म्हणाले, "भाव उतरनार न्हाई. पर ऊन फुकट हाय. पश्चिमेला मी कदीच काय उभं करनार न्हाई." मला ऊनच हवं होतं. व्यवहार झाला. शब्दाची लेखी नोंद केली नाही, कारण समोर कोर्टातला माणूस होता.

लोक म्हणतात, शेवग्याची सावली ती काय, विरळ! कुरडईला विचारा. दुपार कलली की माझ्या अंगणावर चाळणीसारखी सावली पसरते. बाहेरून वाळलेली कुरडई आत ओली राहते आणि डब्यात गेली की आंबूस वास मारते. गिऱ्हाईक शेवग्याचं नाव घेत नाही, माझं घेतं.

अण्णांना मी आधी सांगून पाहिलं, मग भांडून पाहिलं. त्यांचं एकच उत्तर. "तोंडी न्हाई चालत. दावा टाका." शेवटी मी टाकला. समन्स आलं त्या दिवशी अण्णांनी ते डोळ्यांना लावून घेतलं आणि वर शेवग्याच्या शेंगांची जुडी घरी पाठवली. सुमनने, म्हणजे माझ्या बायकोने, आमटी केली. मी रागाने दोन वाट्या प्यालो.

तारखेला आम्ही दोघं माझ्याच मोटारसायकलवर जातो. म्हाताऱ्याला स्टँडवर ताटकळत ठेवून पुढे जाणं गावात बरं दिसत नाही. माझ्या विरुद्धची फाइल अण्णा माझ्या पाठीला टेकवून धरतात. माझे वकील वैतागून म्हणाले, "अहो, निदान कोर्टाच्या फाटकाच्या अलीकडं तरी उतरवत चला त्यांना!" आता अलीकडे उतरवतो.

मागच्या तारखेला अण्णांची साक्ष होती. नव्या शिपायाने पुकारा केला तसे अण्णा पिंजऱ्याकडे जायचं सोडून त्याच्याजवळ थांबले. "आवाज बेंबीतून काढ बे. पक्षकार चहाच्या टपरीवर असतोय." मग केस सारखे करून पिंजऱ्यात उभे राहिले.

माझ्या वकिलांनी विचारलं, "झाडांमुळं वादीच्या अंगणात सावली पडते?"

"पडते."

"ऊन मोकळं ठेवायचा शब्द दिला होता?"

"दिलता."

अण्णांच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. दावा आम्ही तिथेच जिंकला होता. माझे वकील खाली बसणार, तेवढ्यात मी त्यांचा कोट ओढला. "शब्द दिलता तर झाडं कावून लावली, ते विचारा!" ते नको नको म्हणत होते. मला राहवेना. त्यांनी विचारलं.

अण्णा कधी नव्हे ते हळू बोलले. "साहेब, वाळवनावर कावळं बसत्यात. राखायला वादीची बायको भर उन्हात बसायची. वादी बाजारला गेलता तवा ती चक्कर येऊन पडली. मी कुंपनावरून पानी दिलं. पुकारा करत मी जन्मभर उन्हात हुबा ऱ्हायलो. ऊन काय असतं ते मला ठावं हाय. शेवगा लवकर वाढतोय, म्हनून शेवगा लावला."

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि पुढची तारीख दिली.

परत येताना अण्णांना त्यांच्या दारात उतरवलं. घरी सुमन कुरडया उलटत होती. मी विचारलं, "खरं हाय का?"

"हाय."

"मला कावून न्हाई सांगितलं?"

"सांगितलतं की. तुमी म्हणलात, डोक्याला फडकं बांध, ऊन हाय तवर उरकून घे."

म्हणालो असेन. धंद्याच्या घाईत माणूस काहीही बोलतो. तिचं मी बघून घेईन.

पण अण्णांचं काय? पुढच्या तारखेला त्यांनी सुमनला साक्षीला बोलावलंय, माझ्याच विरुद्ध. ती कोणती साडी नेसायची ते ठरवून बसली आहे. इतकी वर्षं हा माणूस माझ्या पाठीमागे बसून कोर्टात आला. माझा कान त्याच्या तोंडापासून वीतभर लांब होता. "भागवत, तुझी बायको उन्हात पडली होती बे," एवढं एक वाक्य त्याला बोलता आलं नाही? ते भर कोर्टात, परक्या माणसांपुढे मला का ऐकावं लागलं? याचा जबाब दगडूअण्णांनी द्यावा. कोर्टात नको. माझ्या ओट्यावर येऊन, माझ्यासमोर बसून द्यावा.