झिपरूचं सर्व सोयींनी युक्त घरटं

एका जंगलात, म्हणजे नेमकं सांगायचं तर जंगल संपून जोंधळ्याची शेतं सुरू होतात तिथे, एक विहीर होती. विहिरीवर एक बाभूळ वाकलेली होती. वर काटे आणि खाली पाणी, त्यामुळे साप त्या वाटेला जात नसे आणि मांजर लांबूनच बघून परत फिरे. सुगरण पक्ष्यांची त्या बाभळीवर अख्खी वसाहत होती.

बाळांनो, सुगरण म्हटलं की तुम्हाला वाटतं बाईच विणत असणार. तसं नसतं. विणतो नर. मादी तपासते. तुमच्या घरी कोण काय करतं, हा विषय आज काढू नका.

त्या वसाहतीची एक रीत होती. नराने घरटं अर्धंच विणायचं. वरून टांगलेली उलटी टोपी, आणि तिच्या तोंडाशी एक आडवी दांडी. मग मादी येणार, त्या दांडीवर बसणार, चोचीने चार दोरे ओढून बघणार. पटलं तर ती राहते आणि नर उरलेलं घरटं पुरं करतो. नाही पटलं तर ती उडून जाते. मग नराने मुकाट्याने दुसरं घरटं विणायला घ्यायचं.

त्या वसाहतीत झिपरू नावाचा एक नर होता. हात, म्हणजे चोच, चांगली होती. पण घाई फार. त्या हंगामात त्याची चार घरटी नापास झाली होती. जोंधळ्यात दाणा भरू लागला होता, म्हणजे हंगाम संपत आला होता. आता जेमतेम एक घरटं विणण्यापुरते दिवस हातात होते. तेही नापास झालं तर पुढचं अख्खं वर्ष एकट्याने काढायचं.

झिपरूला एकटं राहायचं नव्हतं. संध्याकाळी आजूबाजूच्या घरट्यांतून बोलण्याचे आवाज यायचे. कोणी कोणाला रागावत असे, कोणी कोणाला किडा दे म्हणून सांगत असे. ते ऐकून त्याला भरून यायचं.

आता कोतवालाकडे वळू. कोतवाल म्हणजे काळा, दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी. त्याला कोणाचाही आवाज काढता येतो. पूर्वी तो शिकरा या शिकारी पक्ष्याचा आवाज काढायचा, घाबरून बाकीचे पक्षी तोंडातला किडा टाकून पळायचे आणि कोतवाल तो किडा खायचा. पण त्यात उडावं फार लागे. म्हणून त्याने धंदा बदलला. रोज सकाळी वाळक्या फांदीवर बसून तो ‘आजची टीप’ सांगू लागला.

टिपा अशा असत. चोच दगडावर उलट्या बाजूने घासा, दुप्पट टिकेल. पंख भिजले तर रात्रभर भाताच्या लोंब्यांत खुपसून ठेवा, सकाळपर्यंत कोरडे. एक चिमणी ऐकून तीन दिवस भातात बसली. पंख वाळले नाहीत, वजन मात्र वाढलं. तरी तिने चार जणींना ती टीप सांगितली.

झिपरू कोतवालाकडे गेला.

“साहेब, चार वेळा नापास झालो. काय चुकतंय?”

“विणतोस कशाने?”

“जोंधळ्याच्या पात्यांनी.”

“आणि घरट्यात काय काय आहे?”

“काय म्हणजे? घरटं आहे.”

कोतवालाने सुस्कारा सोडला. “अरे, जग कुठे चाललंय. नुसतं घरटं कोण बघतं? आत सोयी काय आहेत ते बघतात.”

मग त्याने झिपरूला माल दाखवला. पहिला, काजवा. सुगरणी घरट्याला आतून चिखलाचे गोळे लावतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. वाऱ्यात घरटं फार हेलकावू नये म्हणून लावतात, असं जाणते म्हणतात. कोतवाल म्हणाला, “ते लाइटचे पॉइंट आहेत. तुझ्या पूर्वजांनी सगळं फिटिंग करून ठेवलं, तुम्ही अडाण्यांनी दिवाच बसवला नाहीत.”

दुसरा, बेडूक. झाडावर राहणारा, हिरवा, पावसाचा अंदाज सांगणारा. पावसाळ्यात तो रोज पाऊस येणार म्हणे आणि रोज पाऊस येई. कोतवाल त्याला शंभर टक्के अचूक म्हणायचा.

तिसरी, पाल. परकं कोणी आलं की चुकचुकणार. “सुरक्षा व्यवस्था,” कोतवाल म्हणाला. “हिच्यावाचून हल्ली कोणी मादी आत पाऊल टाकत नाही.”

“आणि याबद्दल द्यायचं काय?”

“रोजचा एक नाकतोडा. पहिला आठवडा फुकट. आणि हो, घरटं अर्धं ठेवू नकोस. अर्धवट काम कोण दाखवतं? सगळं तयार करून दाखव.”

झिपरू कामाला लागला. दोन दिवस काजव्याला चिखलात बसवण्यात गेले, कारण काजवा सारखा चिखलातून निसटत होता. एक दिवस पालीची समजूत काढण्यात गेला. बेडकाला ओलसर आणि मोकळी जागा हवी होती. आडवी दांडी मोकळीच होती, म्हणून त्याला तिथे बसवलं. सकाळ-संध्याकाळ तिघांना खाऊ घालावं लागे. त्याला कोतवाल चार्जिंग म्हणायचा.

शेजारच्या फांदीवर हैबती नावाचा नर विणत होता. तोही अजून एकटाच होता. त्याने विचारलं, “झिपरू, तू विणणार कधी?”

“झालं की. टांगणी तेवढी राहिलीय, ती उद्या पक्की करतो.”

टांगणी म्हणजे ज्या दोरांनी घरटं फांदीला लटकतं तो भाग. उद्याचे परवा झाले. तेवढ्यात मथुरा आली.

मथुरेची वसाहतीत ख्याती होती. त्या हंगामात तिने अकरा घरटी नापास केली होती. ती आली की नर श्वास रोखून धरत. झिपरूने पंख फडफडवले आणि तिला बोलावलं. मथुरा आली, घरट्याभोवती एक फेरी मारली आणि दांडीशी थांबली. दांडीवर बेडूक होता.

“पाऊस येणार,” बेडूक म्हणाला.

“मी बसू कुठे?” मथुरेने विचारलं.

“बसायचं नंतर बघू हो, मथुराबाई. आधी फीचर बघा. हा लाइट.”

मथुरा पंख मारत तरंगत राहिली आणि आत डोकावली. सकाळची वेळ. ऊन लख्ख पडलं होतं.

“चालू आहे का?”

“चालू आहे. दिसत नाही, एवढंच.”

पालीने परकी पाखरीण पाहिली आणि नियमाप्रमाणे चुकचुकली. चुकचुकताना तिची मान वळली आणि समोर काजवा दिसला. गडबडीत गेले दोन दिवस तिचं चार्जिंग राहून गेलं होतं. तिने लाइट खाल्ला.

झिपरूचा चेहरा पडला. “दोन्ही एकाच कंपनीचे आहेत,” तो पुटपुटला. “एकमेकांना चालतात असं साहेब म्हणाले होते.”

मथुरा हसली नाही. ती घरट्याच्या मागच्या बाजूला गेली. तिथे पहिल्या दिवशीचं विणकाम होतं, काजवा आणण्याच्या आधीचं. पाती बारीक चिरलेली, दोरा खालून वर, वरून खाली, मधे कुठेही फट नाही. तिने एक दोरा ओढला. तो हलला नाही. दुसरा ओढला. तोही हलला नाही.

“हे कोणी विणलं?”

“मीच.”

“सुरेख आहे. मग एवढंच का नाही दाखवलंस?”

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी झिपरूच्या विणकामाला सुरेख म्हटलं होतं. त्याला वाटलं, आता ती राहील. बेडकाला हाकलून द्यावं, पालीला घरी पाठवावं आणि आत्ताच्या आत्ता सगळं नीट करावं.

“टांगणी बघू,” मथुरा म्हणाली.

“टांगणीत काही विशेष नाही. सगळं आत आहे.”

पण मथुरा वर गेली होती. तिने टांगणीचा दोर चोचीत धरला आणि नेहमीच्याच जोराने ओढला. दोर सुटला. घरटं, बेडूक, पाल, चिखल, सगळं विहिरीत पडलं. बेडूक खूश झाला. पाल पोहत काठाला लागली आणि तडक कोतवालाकडे तक्रार घेऊन गेली.

मथुरा फांदीवर टेकली. “झिपरू, तू सगळ्यांच्या बसण्याची सोय केलीस. माझी तेवढी राहिली.”

एवढं बोलून ती हैबतीच्या घरट्यापाशी गेली. अर्धंच होतं. दांडी मोकळी होती. ती बसली, चार दोरे ओढले, आणि राहिली.

पुढचे दोन दिवस झिपरू विहिरीत तरंगणाऱ्या घरट्याच्या त्या मागच्या बाजूकडे बघत बसला. विणकाम पाण्यातसुद्धा उसवलं नव्हतं, याचं त्याला जास्त वाईट वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी कोतवाल आला. नाकतोडा मागायला आला होता, पण झिपरूची अवस्था बघून त्याला वेगळीच कल्पना सुचली.

“नाउमेद होऊ नकोस. एका हंगामात पाच घरटी नापास. एवढा अनुभव या बाभळीवर आहे कोणाकडे? तू लोकांना सांगायला लाग.”

“काय सांगू?”

“घरटं कसं विणावं ते.”

पुढच्या हंगामात झिपरू सगळ्यात वरच्या फांदीवर बसला. त्याने पहिल्याच दिवशी विषय घेतला, ‘मथुरेला आवडेल असं घरटं: सात युक्त्या’. पाच जण ऐकायला आले. दुसऱ्या दिवशी वीस. आठवड्याभरात चाळीस नर समोर बसू लागले. ते सकाळी यायचे, दुपारी शंका विचारायचे, संध्याकाळी एकमेकांना तेच समजावून सांगायचे. विणायला वेळ उरायचा नाही, पण पातं कोणतं घ्यावं यावर त्यांच्यात जोरदार वाद व्हायचे. हैबती तेवढा कधी आला नाही. तो विणत होता.

हंगाम मध्यावर आला आणि माद्या तपासायला आल्या. पुढे मथुरा होती. या वर्षी ती धाकट्या बहिणींना काय बघायचं ते शिकवायला आली होती. तिने अख्ख्या बाभळीला एक फेरी मारली. हैबतीचं, म्हणजे तिचं स्वतःचं, सोडलं तर एकही घरटं नव्हतं. शेवटी ती झिपरूच्या फांदीवर येऊन बसली.

“तू तरी काही विणलं आहेस का?” तिने हळूच विचारलं. “मागच्या वर्षीच्या तुझ्या त्या विणकामाबद्दल मी यांना सांगितलंय. यांना ते बघायचं होतं.”

झिपरूने खाली पाहिलं. चाळीस नर त्याच्याकडे माना वर करून बघत होते.

“मी आता विणत नाही,” तो म्हणाला. “मी सांगतो.”

मथुरेने पंख झटकले. मग बहिणींना घेऊन ओढ्यापलीकडच्या बाभळीकडे निघून गेली.

“गुरुजी, त्या गेल्या,” खालून एकाने घाबरून म्हटलं. “आता हो काय करायचं?”

झिपरूने ओढ्याच्या दिशेने जरा जास्तच वेळ पाहिलं. मग घसा साफ केला.

“लिहून घ्या. उद्याचा विषय, माद्या का जातात.”

दुसऱ्या दिवशी बसायला जागा पुरली नाही.

तात्पर्य: बाळांनो, घरटं नीट विणलं तर आयुष्यात एकच मथुरा येते, आणि तीही रोज काहीतरी काम सांगते. घरटं पाच वेळा नापास झालं तर समोर चाळीस जण बसतात आणि कोणी काही काम सांगत नाही. तेव्हा काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, मला विचारू नका. मी स्वतः फक्त सांगतो.