माजी मंत्र्यांची जीप

सरकार पडल्याच्या दुसऱ्याच दिवशी वार्ताहर निरुता कंसाकार मंत्रालयाच्या माहिती अधिकाऱ्यासमोर घामाघूम होऊन बसली होती. पायउतार झालेले मंत्री सरकारी गाड्या परत करत नाहीत, हे काठमांडूत शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण कोणती गाडी कोणाच्या दारात, हे सहीशिक्क्यानिशी मिळालं तर पहिल्या पानाची बातमी होती. नाही मिळालं, तर संपादक तिला हवामानाच्या सदरावर बसवणार होते.

"माहिती देतो ना, दीदी," माहिती अधिकारी पोखरेल म्हणाले. "फक्त आधी सगळ्यांना फोन करून सांगतो. एकदम छापून आलं तर बरं दिसत नाही!"

"अहो, ते गाड्या लपवतील!"

पण पोखरेल भिडस्त माणूस. त्यांनी फोन फिरवलेच.

संध्याकाळी ती वर्तमानपत्राच्या कचेरीत पोचली, तर अंगणातल्या मोटरसायकली बाजूला सारून एक पांढरी जीप उभी. चालक धनवीर तामाङ बॉनेटला टेकून मोमो खात होता.

"निरुता दीदी तुम्हीच ना? आमच्या माजी मंत्रीसाहेबांनी पाठवलीय. ही किल्ली."

"मला कशाला? मंत्रालयात द्या!"

"तिथे आता दुसऱ्या गटाचे मंत्री येणार. ते म्हणतील, आम्ही जप्त केली. मंत्रीसाहेब म्हणाले, जिने मागितली तिलाच दे, म्हणजे परत केल्याचं छापेल तरी."

"मी गाडी नाही, माहिती मागितली होती!"

"ते तुम्ही मोठी माणसं बघा." धनवीर हात पुसून चालू लागला.

तिने पोखरेलांना फोन लावला.

"घेऊन जा हो गाडी!"

"कोणाच्या हुकमाने? जुने गेले, नव्यांची शपथ व्हायचीय. सहीशिवाय मी टायरलाही हात लावणार नाही."

संपादकांनी जीपवर ताडपत्री टाकायला लावली. त्यामुळे गल्लीतल्या ज्यांना जीप दिसली नव्हती, तेही बघायला आले. समोरच्या वर्तमानपत्राचा वार्ताहर फाटकातून फोटो काढून गेला.

"तू गाड्या शोधायला गेली होतीस की आणायला?" संपादक ओरडले. निरुताला रडू यायचंच बाकी होतं.

आठवड्याने पोखरेलांचं उत्तर आलं. प्रत्येक गाडी, प्रत्येक माजी मंत्री, घराचा पत्ता, सगळं चोख. निरुता खुशीत एकेक ओळ मोठ्याने वाचू लागली. संपादकही तिच्या खांद्यावरून वाचत "शाब्बास, शाब्बास" म्हणत होते, ते शेवटच्या ओळीपाशी थांबले.

"पांढरी जीप : सध्या अर्जदार निरुता कंसाकार यांच्या ताब्यात. वारंवार माहिती मागतात, गाडी मात्र परत करत नाहीत."