कासवाच्या बागेतल्या पाट्या

मुलांनो, एका जंगलात तळ्याकाठी एक कासव राहत होते. त्याचे नाव धोंडूअण्णा. अण्णांना फुलांचा नाद होता, आणि नीटनेटकेपणाचा त्याहून जास्त.

त्या वर्षी सिंहमहाराजांनी दवंडी पिटवली, "वसंतोत्सवाच्या दिवशी ज्या बागेत फूल नसेल, ती बाग माकडांना सेल्फी पॉइंटसाठी दिली जाईल." माकडे लगेच येऊन अण्णांची बाग पावलांनी मोजून गेली.

अण्णांनी थंडीतच ग्लॅडिओलसचे चाळीस कंद लावले. चार बोटे खोल, वीतभर अंतरावर. प्रत्येक कंदाशेजारी बांबूची काडी. काडीवर पाटी. पाटीवर रंग, जात आणि लावल्याची तिथी.

चौथ्या दिवशी बारा कंद गायब! बिळाच्या तोंडाशी ठकूबाई घूस दात कोरत बसली होती.

"ठकूबाई, हे शोभतं का तुम्हाला?"

"रागावू नका, अण्णा. आता वय झालं. पूर्वी अख्खी बाग हुंगावी लागायची. तुमच्या पाट्यांनी फार सोय झाली बघा. तो पिवळा मात्र जरा तुरट निघाला. तेवढं लिहून ठेवा."

अण्णा तज्ज्ञाकडे गेले. तज्ज्ञ म्हणजे घुबड. बाग न पाहताच त्याने सांगितले, "अक्षर बारीक आहे. ठळक लिहा, 'कंद खाण्यास सक्त मनाई आहे.'"

अण्णांनी लिहिले. आता ठकूबाईला चष्म्याशिवायही वाचता येऊ लागले. आणखी दहा कंद गेले.

अण्णांनी जन्मात खोटी नोंद केली नव्हती. ते दिवसभर कवचात डोके घालून बसले. मग उठले, सगळ्या पाट्या उपटल्या आणि बांधापलीकडच्या मुरमाड माळावर रोवल्या. प्रत्येकीवर नवी ओळ लिहिली, 'अतिशय गोड. दीड हात खोल.'

ठकूबाईचा हुंगण्याचा सराव केव्हाच सुटला होता. ती पाट्यांमागे माळावर गेली.

आठवड्याने धापा टाकत आली. "अण्णा, एकही कंद लागला नाही हो!"

"किती खणलंत?"

"सव्वा हात."

"तरीच!"

ठकूबाई खजील होऊन परत खणायला गेली.

वसंतोत्सवाला अण्णांच्या बागेत अठरा तुरे डोलत होते. महाराज खूश झाले. माकडे हिरमुसली. उत्तम मार्गदर्शनाबद्दल घुबडाला शाल आणि नारळ मिळाला.

गर्दी पांगल्यावर मातीने माखलेली ठकूबाई आली. "अण्णा, सगळा माळ उकरला. काही नाही तिथे!"

अण्णांनी माळाकडे पाहिले. जिथे कुदळ उडायची, ती जमीन लोण्यासारखी मऊ झाली होती. पुढच्या वर्षी तिथे शंभर कंद सहज मावणार होते.

"असू द्या, ठकूबाई," अण्णा मायेने म्हणाले. "टेकडीखालचा तुकडा अजून बाकी आहे. उद्या पाट्या लावतो."

"लावाच. आणि हो, अक्षर जरा मोठं काढा!"

तात्पर्य : कष्टाला फळ येतेच. म्हणून कष्ट कोणाचे आणि फळ कोणाचे, हे आधी नीट ठरवून ठेवावे.