होडीवाल्या भावांची कादंबरी, साडेतीनशेवर तासभर

एल्म लेक गावात ॲर्डिस टोलेफ्सन दोनच गोष्टींची हमी देते. तिने सुचवलेलं पुस्तक आणि तिने ओव्हनमध्ये भाजलेलं खिमा-बटाट्याचं हॉटडिश! "या दोन्हींत मी आजवर एकदाही चुकलेली नाही," असं ती चर्चच्या पायरीवर सांगते, पोस्टात सांगते, आणि दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडायला लावायच्या आधीच सांगून मोकळी होते. गाव मान डोलावतं. मिनेसोटातलं गाव आहे; तिथली माणसं समोरच्याचं मन मोडण्यापेक्षा स्वतःचा पाय मोडून घेतील.

पुस्तकांच्या बाबतीत मात्र तिचं म्हणणं खरं होतं, हे कबूल केलं पाहिजे. उन्हाळा लागला की वाचनालयात दारासमोरच 'गावाची शिफारस' नावाचं कपाट मांडतात. ज्याला जे आवडलं ते त्याने तिथे ठेवायचं आणि चार ओळींची चिठ्ठी चिकटवायची. ॲर्डिसचं पुस्तक दरवर्षी पहिल्याच आठवड्यात गायब व्हायचं आणि मग लोक नंबर लावायचे. तिच्याशी कायम चढाओढ करणाऱ्या डेल्फिन क्रूगरचं पुस्तक शेजारी बिचारं वारा खात बसायचं. वाचनालयाच्या मदत-मंडळाची अध्यक्ष ॲर्डिसच. कपाटाच्या वर तिच्याच टपोऱ्या अक्षरातली पाटी होती: 'वाचनालयाची पुस्तकं पोहत नाहीत! तळ्यावर नेऊ नका!!'

शेवटी दोन उद्गारचिन्हं. तिसरं मावलं नाही म्हणून राहिलं.

यंदा तिने काढली होती नदीवर होडी चालवणाऱ्या दोन भावांची जाडजूड कादंबरी. जुनी, आता कुठे मिळत नाही अशी, अख्ख्या जिल्ह्यात एकच प्रत. आणि यंदा तिचा जीव त्या पुस्तकात अडकला होता, कारण पुढचा नंबर विल्मट एस्पलंडचा होता. विल्मट ऐंशी पार केलेला. त्याची पुस्तकं त्याची बायको लेनोर निवडून आणायची. लेनोर गेली आणि विल्मटचं वाचन थांबलं. संध्याकाळी नुसता खुर्चीत बसायचा. त्यात वसंतात पाय घसरून पडला, घोट्याला प्लास्टर! ॲर्डिसने तीन वर्षं त्याच्या मागे लागून अखेर त्याचं नाव यादीत घालायला लावलं होतं.

"एक वाचून बघतो," तो म्हणाला होता. "जमलं तर जमलं. नाही जमलं, तर पुन्हा मला विचारायचं नाही, ॲर्डिस."

"तुम्ही खाली ठेवणार नाही ते!" ॲर्डिस म्हणाली होती. "माझी शिफारस आहे."

शनिवारी ते पुस्तक विल्मटच्या हाती पडायचं होतं. सोमवारी ॲर्डिस ते घेऊन तळ्यावर, आपल्या लाकडी धक्क्याच्या टोकाला खुर्ची टाकून बसली. पाटी? पाटी लोकांसाठी असते हो! ती फक्त शेवटचा भाग पुन्हा चाळणार होती, म्हणजे विल्मटशी नीट बोलता येईल.

तेवढ्यात समोरून डेल्फिनची मोटरबोट आली. आता, एल्म लेकवर एक नियम देवाच्या आज्ञेइतका पक्का आहे. समोरून बोट गेली की हात हलवायचा. ओळखीची असो, नसो, वैऱ्याची असो. ॲर्डिस उठून उभी राहिली आणि तिने हात हलवला, तो पुस्तकासकट! डेल्फिनला मुखपृष्ठ नीट दिसावं म्हणून जरा जास्तच उंच. डेल्फिननेही हात हलवला. बोटीची लाट धक्क्याला आपटली, ॲर्डिसचा तोल गेला, तिने खुर्ची धरली आणि पुस्तक सोडलं.

त्या कादंबरीत चारशे पानं दोघे भाऊ पुरात होडी चालवतात आणि एकदाही बुडत नाहीत. कादंबरी मात्र तीन फूट पाण्यात बुडाली!

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. इथे तर कोरडं म्हणायचीही सोय राहिली नव्हती. ॲर्डिस कमरेपर्यंत भिजून पुस्तक घेऊन वर आली. आता भिजलेल्या पुस्तकाचं काय करायचं, हे गावात तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं, कारण मंडळाच्या शिबिरात तिनेच ते शिकवलं होतं. उन्हात ठेवायचं नाही, ओव्हनच्या जवळपासही न्यायचं नाही. गुंडाळून सरळ फ्रीझरमध्ये, म्हणजे बुरशी धरत नाही. मग सवडीने बाहेर काढून पान न् पान वाळवायचं. तिने पुस्तक कागदात गुंडाळलं, वाकू नये म्हणून हॉटडिशच्या पसरट भांड्यात घट्ट बसवलं, वर चंदेरी फॉइल लावलं आणि तळघरातल्या फ्रीझरमध्ये ठेवून दिलं. नवऱ्याला, मायलोला, ती काही बोलली नाही. मायलो भला माणूस, पण त्याच्या पोटात काही राहत नाही.

आता त्या फ्रीझरमध्ये तसंच एक फॉइल लावलेलं भांडं आधीच होतं. खिमा, बटाटे आणि डब्यातलं मशरूमचं सूप थापून केलेलं हॉटडिश. कुणाकडे बाळ होवो, कुणी वारो, कुणाचा पाय मोडो, घरात एक तयार लागतंच. दोन्ही भांड्यांवर सारखीच पट्टी चिकटवलेली: 'ॲर्डिस टी.' भांडी परत यावीत म्हणून.

गुरुवारी ॲर्डिस वाचनालयातून घरी आली. वाटेत तिने पंखा आणि कोरे शोषकागद घेतले होते. तळघरात गेली, भांडं काढलं, फॉइल सोललं. आत बटाटे!

फ्रीझरमध्ये दुसरं भांडं नव्हतं.

"मायलो!!"

"काय गं?"

"फ्रीझरमधलं भांडं कुठे गेलं?"

"विल्मटला देऊन आलो." मायलोच्या चेहऱ्यावर शाबासकीची अपेक्षा होती. "तूच म्हणालीस ना सकाळी, त्याला हॉटडिश पोचव म्हणून? जड केलंयस हां या खेपेला. खिमा जास्त घातलास?"

"काय सांगितलंस त्याला?"

"तू सांगतेस तेच. ओव्हन साडेतीनशेवर, तासभर, फॉइल काढू नका."

"कधी?"

"झाला की तास."

ॲर्डिस फोनकडे धावली. तिने विल्मटला फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. विल्मट घरात कानाचं यंत्र काढून ठेवतो आणि कुबड्यांवर फोनपर्यंत पोचायला त्याला अर्धा दिवस लागतो. "गाडी काढ!" ती ओरडली. "ते हॉटडिश नव्हतं, पुस्तक होतं! वाचनालयाचं!"

मायलोने आयुष्यात पहिल्यांदा वेगाची मर्यादा ओलांडली. वाटेत त्याने एकच प्रश्न विचारला. "भाजल्यावर छापलेलं राहतं का गं?"

"गप्प बस!"

विल्मटच्या अंगणातच वास आला. काहीतरी खरपूस भाजल्याचा! ॲर्डिस दार न वाजवता आत घुसली. पायातले बूट न काढता! एल्म लेकमध्ये याहून मोठा गुन्हा फक्त बँक लुटणं. "विल्मट, बंद करा! ओव्हन बंद करा!" विल्मट टेबलाशी काटा-चमचा मांडून बसला होता, त्याने घाबरून कानाचं यंत्र चढवलं आणि तो कुबड्या शोधू लागला. ॲर्डिसने हाताला फडकं गुंडाळलं, ओव्हन उघडला, भांडं खसकन बाहेर ओढलं आणि फॉइल फाडलं.

आत चीज खदखदत होतं. भांड्याच्या कडेला पट्टी होती: 'डेल्फिन के.'

 चीजचा एक बुडबुडा फुटला.

"माझं कुठंय?" ॲर्डिसने विचारलं.

"तुझं ना?" विल्मट छताकडे बघत म्हणाला. "ते... जपून ठेवलंय. सावकाश खाईन म्हटलं."

"कुठे?"

"खाली फ्रीझरमध्ये. तू नको जाऊस हं, जिना फार वाईट आहे. मायलो, सांग ना तिला."

पण ॲर्डिस अर्धा जिना उतरली होती. तिने फ्रीझरचं झाकण उचललं आणि तशीच उभी राहिली. आत चंदेरी भांड्यांची चळत होती. 'ॲर्डिस टी.' 'ॲर्डिस टी.' 'ॲर्डिस टी.' पाय मोडला तेव्हाचं. मागच्या नाताळातलं. आणि तळाशी, बर्फाच्या थराखाली, लेनोरच्या अंत्यविधीला तिने रडत रडत केलेलं. एकालाही हात लावलेला नव्हता. दरवर्षी नवी भांडी घेताना ती मायलोला म्हणायची, "लोक इतकं आवडीने खातात की भांडं परत करायचंही विसरतात!"

विल्मट जिन्याच्या तोंडाशी येऊन उभा राहिला होता. त्याचे कान लाल झाले होते.

"लेनोरने सांगून ठेवलं होतं," तो हळूच म्हणाला. "म्हणायची, ॲर्डिसने दिलेलं कधी टाकायचं नाही. फार मायेने करते ती."

"आणि?"

"आणि खायचंही नाही."

एरवी ॲर्डिसने हे तीन पिढ्या लक्षात ठेवलं असतं. पण त्या क्षणी तिला रागवायला सवडच नव्हती. तिने वरचं भांडं उचललं. त्यावर बर्फ धरला नव्हता. फॉइलचा कोपरा सोलला, आत कागद, कागदाच्या आत निळं मुखपृष्ठ, त्यावर नदी आणि होडी. गारठलेली, टणक, पण अख्खी! तिचा जीव भांड्यात पडला. अगदी तिच्याच नावाची पट्टी लावलेल्या भांड्यात. ती पायरीवर मटकन बसली, भांडं छातीशी धरलं आणि रडायला लागली. रडता रडता हसायला लागली.

"बरं झालं!" ती म्हणाली. "बरं झालं माझं हॉटडिश कुणी खात नाही ते!"

मग तिने सगळं सांगितलं. धक्का, बोट, हात हलवणं, सगळं. विल्मट ऐकता ऐकता इतका हसला की त्याला कुबड्या सोडून भिंत धरावी लागली. लेनोर गेल्यापासून त्या घरात एवढा आवाज झाला नव्हता.

"त्या पाटीखाली तुझा फोटो लावायला हवा," तो डोळे पुसत म्हणाला. "आण ते वर. माझं पुस्तक आहे ना? मग इथेच वाळवू."

डेल्फिनचं हॉटडिश तिघांनी खाल्लं. चांगलं होतं. ॲर्डिसने तसं म्हटलं नाही, पण दुसऱ्यांदा वाढून घेतलं. तोवर पुस्तक जरा सैलावलं. टेबलावर पंखा लावला, शोषकागद पसरले. ॲर्डिस एकेक पान सोडवायची, विल्मट त्यावर कागद ठेवून दाबायचा, मग पुढचं पान. पहिली चार पानं झाली. पाचव्यावर विल्मटचा हात थांबला.

"उलटायचं का?" ॲर्डिसने विचारलं.

"थांब जरा."

"ओलं आहे अजून, विल्मट. हवा लागायला हवी."

"अगं थांब ना! हा धाकटा होडी सोडून निघालाय. एवढं पान होऊ दे."

ॲर्डिसने हात मागे घेतला. मायलो काहीतरी बोलणार होता, तिने टेबलाखालून त्याला पाय मारला. विल्मट पुढे झुकून वाचत होता, ओठ हलवत, चष्मा कपाळावरून खाली ओढून. पान संपलं तसं त्याने स्वतःच बोटाने पुढचं सोडवलं. तिघांतल्या दोघांना तिथे आता काहीच काम उरलं नव्हतं. दोघं बूट हातात घेऊन चोरपावलांनी बाहेर पडले.

पुस्तक वाळलं. फुगून दुप्पट झालं, पण एकही अक्षर गेलं नाही. ॲर्डिस ते घेऊन ग्रंथपाल कॉरिनसमोर उभी राहिली आणि तिने एका दमात कबुली दिली. कॉरिनने पुस्तक हातात घेऊन शांतपणे उलटसुलट पाहिलं.

"या कपाटातली निम्मी पुस्तकं तळ्यातून आलेली आहेत," ती म्हणाली. "तुझ्या पाटीच्या धाकाने कुणी बोलत नाही एवढंच."

ॲर्डिसने त्याच दिवशी पाटीवरचं एक उद्गारचिन्ह खोडलं.

जुलैत कपाटावर नवी चिठ्ठी लागली. थरथरत्या, जुन्या वळणाच्या अक्षरात. 'होडीवाले भाऊ वाचा. मी दोनदा वाचलं. पुस्तकांच्या बाबतीत ॲर्डिसचं डोळे मिटून ऐकावं. विल्मट एस्पलंड.'

ॲर्डिसने ती इतक्यांदा वाचली की कॉरिनने तिला खुर्ची आणून दिली. घरी जाताना मायलो गाडी चालवत होता. तळ्याच्या वळणाशी आल्यावर ती म्हणाली, "'पुस्तकांच्या बाबतीत' असं मुद्दाम लिहिलंय बघ त्याने. लिहू दे. गावाचं जाऊ दे, मायलो. इतकी वर्षं माझ्या हातचं तू तरी आवडीने खातोस ना?"

रस्ता सरळ होता, समोर चिटपाखरू नव्हतं. तरी मायलोने स्टीअरिंगवरून हात उचलला आणि समोरून येणाऱ्या कुणाला तरी अगदी मनापासून हलवला.