इंदूआत्याची खरी कार्डं

आमच्या किन्हवलीत इंदूआत्याचं कार्ड आलं की माणूस आधी दार लोटून घेतो आणि मगच ते उघडतो. चारचौघांत उघडायची चूक ज्यांनी केली, त्यांची नावं गावाला अजून पाठ आहेत.

कार्ड दिसायला मात्र असं, की कुणी म्हणावं शहरातल्या मोठ्या दुकानातून आणलं. उघडलं की आतल्या घड्या सुटतात आणि फूल उमलतं, नाहीतर खंड्या पंख पसरून उभा राहतो. घोटीव कागद, जुन्या लग्नपत्रिकांचे कोरे तुकडे, माझ्या मेडिकलमधून नेलेली औषधांची खोकी आणि चिकटवायला तांदळाची खळ, एवढ्यातून आत्या हे उभं करते. आणि मग त्या फुलाखाली, अंगणवाडीच्या फळ्यावर लिहायची तशा गोल अक्षरात, ती खरं लिहिते. घोटाळा तिथं होतो.

मी मेडिकल टाकलं तेव्हा सगळ्यांनी नारळ आणले. आत्यानं कार्ड आणलं. आत कागदाचा छोटासा खल आणि बत्ता, बत्ता चक्क वरखाली व्हायचा. खाली लिहिलं होतं, ‘दुकान जोरात चालो, असं कसं म्हणू? त्याला माणसं आजारी पडाया लागतील. उपाशी राहू नकोस, एवढं चालो.’

माझ्या वडिलांना मधुमेह निघाला तेव्हा कार्डातून पिवळीजर्द जिलबी वर आली. ‘मधुमेह कशानंही होतो. तुमचा जिलबीनं झाला. लवकर बरे व्हा.’ वडील आठवडाभर तिचं नाव घेईनात. पण जिलबी इतकी हुबेहूब, की कार्ड टाकवेना. उशीखाली ठेवून अधूनमधून काढून बघायचे. नव्या सरपंचांना मिळालेल्या कार्डात काळ्या कागदाचं गटार होतं आणि त्याच्यावर तारेच्या टोकाला एक डास. कार्ड हललं की डास हलायचा. ‘निवडून आलात, अभिनंदन. आमी वाट बघतो, हाही बघतो.’ सरपंचांनी ते हसत हसत स्वीकारलं आणि त्यानंतर आत्याच्या आळीत पाऊल टाकलं नाही.

मी एकदा म्हटलं, "आत्या, एवढा जीव ओतता, मग शेवटी दोन गोड शब्द लिहायला काय जातं?"

"खोटं लिवाया कागद कशाला नासवू?" हे तिचं ठरलेलं उत्तर.

आत्या तशी कुणाचीच आत्या नाही. नवरा कसाऱ्याला रेल्वेत गँगमन होता, तो लवकर गेला. मग अंगणवाडीत शिक्षिका म्हणून लागली आणि निम्म्या गावाला पाटीवर हात धरून तिनंच गिरवायला शिकवलं. एकुलता एक मुलगा महेश, माझ्याच वर्गातला. शिकून ठाण्याला नोकरीला लागला.

महेशचं लग्न शहापूरच्या हॉलमध्ये झालं. आत्यानं सुनेला कार्ड दिलं. तिच्या हातून झालेलं सगळ्यात सुंदर कार्ड असेल ते. उघडलं की आंब्याचं झाड उभं राहायचं, झाडाला झोका, झोक्यावर दोघं. नवऱ्या मुलीच्या मामांनी ते कौतुकानं हातात घेतलं आणि जेवणाच्या पंगतीत मोठ्यानं वाचलं. ‘स्वाती, महेश मनाचा चांगला हाय, पण आळशी हाय. चहा जागेवर मिळाला तर उठणार नाय. ही सवय मी लावली. तू चालू ठेवू नको.’

पंगत हसली. मीही हसलो. महेश ताटावरून उठला.

तो किन्हवलीत परत आला नाही. आधी फोन यायचे, मग तेही थांबले. आत्यानं त्याविषयी कुणापाशी अवाक्षर काढलं नाही. गावानं मात्र तिच्या वाटचं बोलून घेतलं. जिभेला हाड नाही, अशा बाईला मुलगा कसा विचारील, वगैरे. तिच्याच खिचडीवर वाढलेली माणसं ही.

गेल्या वर्षी माझ्या बायकोनं त्या खलबत्त्याच्या कार्डाचा व्हिडिओ फोनवर टाकला. कुठून कुठून तो फिरला आणि एक दिवस एका बाईचा फोन आला. हातानं कार्डं करणाऱ्यांचा मोठा मेळावा आहे, तुमच्या आजींना टेबल देऊ, जरूर आणा. मी आत्याला सांगायला गेलो. ती पेरूच्या झाडाखाली कात्रीला धार लावत होती.

"नाय रे दिन्या. मी काय शोभेची बाहुली हाय का?"

"अहो, मान देतायत. ठाण्याला आहे मेळावा."

कात्री थांबली. "ठाण्याला?"

"हो."

"येते."

कलेचा मान कुणाला नको असतो, असं मी मनात म्हणालो आणि स्वतःवर खूश झालो.

मेळावा एका लग्नाच्या हॉलमध्ये होता. ठाणे, पुणे, नाशिक, कुठून कुठून बायका आलेल्या. टेबलांवर चमकी, रिबिनी, मोती आणि एक एक यंत्र. यंत्रात कागद घालायचा, दांडा फिरवायचा, की पलीकडून तयार गुलाब. आत्या बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "सोऱ्या हाय हा. चकल्या पाडतात." ज्यांच्या यंत्राबद्दल बोलली, त्यांनी ते ऐकलं.

आमच्या टेबलाला दोन खुर्च्या होत्या. एकीवर आत्या बसली, दुसरीवर तिनं पिशवी ठेवली. मी पिशवी उचलायला गेलो.

"राहू दे. माणूस येतोय."

"कोण?"

"आला की दिसंल."

मी उभा राहिलो. दिवसभर उभा राहिलो. तीन टेबलांवरच्या बायका खुर्ची मागायला आल्या आणि तिघींना ‘माणूस येतोय’ एवढंच उत्तर मिळालं. शेवटी हॉलचा वॉचमन येऊन माझ्याकडं दयेनं बघून गेला.

दुपारी माइक घेतलेली एक तरुण मुलगी टेबलाशी आली. "आणि या आहेत आपल्या गावाकडच्या आजी! काय लिहितात बघा हं!" तिनं गटाराचं कार्ड वाचलं, म्हणजे आत्यानं नव्यानं केलेलं तसलंच एक. हॉल हसला. दुसरं वाचलं, अजून हसला. मग तिनं पांढरं कार्ड उचललं. त्यात फक्त एक पणती होती, बाकी काही नाही. आत्या म्हणाली, "ते नको, बाय." पण माइक पुढं गेला होता.

"‘तुमचं माणूस गेलं. काळ हे औषध हाय म्हणतात. मी लई वर्षं घेते, मला अजून गुण नाय. तुमाला येवो.’"

हॉल सगळ्यात मोठ्यानं त्याला हसला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. त्या मुलीनं डोळ्याच्या कडा टिपल्या आणि म्हणाली, "आजी, तुम्ही म्हणजे धमाल आहात!"

मग त्यांनी आत्याला सगळ्यात गमतीशीर कार्डाचं बक्षीस दिलं. चमकी लावलेली एक ट्रॉफी. आत्यानं ती हातात घेतली नाही. माइकसमोर वाकून म्हणाली, "मी गंमत केली नाय."

त्यावरही हसले.

एक दुकानदार बाई येऊन असली कार्डं छापूया म्हणाली. तिच्या मैत्रिणीला सासूला द्यायला एक अपमानाचं कार्ड हवं होतं. "मी अपमान करीत नाय," आत्या म्हणाली आणि पणतीचं कार्ड पिशवीत ठेवून दिलं. मला त्या सगळ्या हॉलचा राग आला. पण शहापूरच्या त्या पंगतीत मीही होतो, त्यामुळं रागाला धार येईना.

संध्याकाळी लोक टेबलं आवरू लागले, तेव्हा दारातून एक बाई इकडंतिकडं बघत आत आली. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. लग्नानंतर मी स्वातीला पाहिलं नव्हतं, त्यामुळं मला ओळखायला वेळ लागला. आत्यानं लांबूनच ओळखलं आणि खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"बस गो."

स्वाती बसली नाही. तिनं आत्याच्या मागं पाहिलं, टेबलाकडं पाहिलं. "आई, ते नाही येणार."

"कार्ड मिळालं ना त्याला? खुर्ची राखून ठेवते म्हणून लिवलेलं."

"मिळालं. सगळीच मिळतात. दिवाळीचं, वाढदिवसाचं, सगळी." तिचा आवाज खाली आला. "आई, राग मानू नका. नका ना पाठवत जाऊ आता. कार्ड आलं की ते फाडतात, आणि मग चार दिवस घरात कुणी कुणाशी बोलत नाही. मी आत्तासुद्धा न सांगता आलेय."

आत्या पिशवीचे बंद सारखे करत राहिली.

"उघडतो का?"

"काय?"

"फाडायच्या आधी उघडतो का तो?"

स्वातीनं जरा विचार केला. "उघडतात. आतलं उभं राहिलेलं बघतात. मग फाडतात."

"बरं."

एवढंच. स्वाती वाकून पाया पडली, माझ्याकडं बघून ओळखीचं अर्धवट हसली आणि घाईघाईनं निघून गेली. आत्या दाराकडं बघत होती. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "बस रे दिन्या. मोकळी झाली खुर्ची."

मला बसवेना.

शहापूरला आम्ही किन्हवलीची एसटी धरली. आत्या खिडकीशी बसली. गाडी सुटल्यावर मी धीर केला. "आत्या, एकदाच लिहा ना त्याला. चुकलं म्हणून. एक ओळ."

"माझं चुकलं नाय."

"नसेल. पण लिहायला काय हरकत आहे?"

"आळशी हायेच तो." बाहेर कापून ठेवलेल्या भाताचे ढीग गाडीच्या उजेडात दिसून मागं जात होते. मग म्हणाली, "शाळेच्या टायमाला उठायचाच नाय. मी अंथरुणात चहा न्यायची. डोळे मिटून प्यायचा, कप माझ्याच हातात. मला आवडायचं ते." आणि खिडकीकडंच बघत, "हे कसं लिवणार? एवढं सगळं कार्डात मावत नाय."

पुढचे काही दिवस ती दुकानाकडं फिरकली नाही. मला वाटलं, संपलं. गावातही बातमी पोचली होती, आत्याला ठाण्यात बक्षीस मिळालं म्हणून. सरपंच सत्काराची भाषा करू लागले, आणि सत्काराला उत्तर म्हणून आत्या काय बोलेल या भीतीनं गप्प बसले.

मग एका सकाळी ती दुकानाच्या पायरीवर उभी. मी सवयीनं बाजूला काढून ठेवलेली खोकी पुढं केली. तिनं ती हातानं सरकवली.

"पुठ्ठा नको. पातळ काय हाय?"

"पातळ कशाला? त्याच्यावर फूल उभं कसं राहणार?"

"राहील. जरा लवंडंल." औषधांबरोबर माहितीचे तलम कागद येतात, ते मी दाखवले. तिनं एक उचलला, दोन बोटांत धरून पाहिला आणि त्याचा कोपरा हलकेच फाडला. आवाज ऐकल्यासारखा कान तिरका केला. "हां. हा बरा. महेशचा वाढदिवस आलाय."

मी कागदांचा गठ्ठा बांधून दिला.

"लहानपणी आंब्यावरून पडून उजवा हात मोडलेला त्याचा," पायरी उतरता उतरता ती म्हणाली. "अजून जोर नाय त्यात. पुठ्ठा फाडताना दुखत असंल."